मागच्या चाकांना जमीन धरायला लावताना : ड्रॅग रेसिंग आणि मागचं सस्पेन्शन

मागच्या व्याख्यानात आपण टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण पाहिलं. ते ऐकून अमेरिकेत राहणाऱ्या एका श्रोत्याने आम्हाला सविस्तर पत्र पाठवलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या पत्राचं उत्तर आहे असं समजा.

पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. त्यांच्याकडे १९९० सालची फोर्ड मस्टँग आहे, पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. शनिवारी ते जवळच्या ड्रॅग स्ट्रिपवर जातात. गाडी सुटताना उजवं मागचं चाक नुसतं फिरायचं, म्हणून त्यांनी दोन गोष्टी विकत घेतल्या. एक, गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा. दुसरी, मागच्या चारही आर्मच्या आठही टोकांना कडक पॉलियुरेथेनचे बुश. पैसे गेले आणि गाडी आधीपेक्षा बिघडली. पहिल्या साठ फुटांची वेळ २.१ सेकंदांवरून २.३ वर गेली आणि एका संध्याकाळी मागचा भाग असा सटकला, की गाडी काँक्रीटच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. घरून आता ‘विकून टाका ती’ असा आग्रह आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, हजार डॉलर उरलेत, आता काय घेऊ?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. आज काहीच घेऊ नका. गाडी नेमकं काय करतेय ते आधी समजून घेऊ, खरेदीचं मग बघू.

साठ फुटांतच सगळं का ठरतं?

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या जागेवरून सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना इथे विमानांच्या धावपट्टीवर रीतसर तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना उभी केली. रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती आवारात आणाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू आजही विसरायचा नाही. आज आपण जे बोलणार आहोत ते सगळं ट्रॅकसाठी आहे, हायवेसाठी नाही.

तर या ४०२ मीटरमधले पहिले अठरा मीटर, म्हणजे साठ फूट, सगळ्यात महत्त्वाचे. इथे वाचवलेला सेकंदाचा एक दशांश भाग शेवटच्या रेषेवर साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, असा रेसर लोकांचा ठोकताळा आहे. आणि या साठ फुटांत इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडते. कमी पडते ती पकड.

वजन मागे जातं म्हणजे काय होतं?

आता थोडं गणित करू. घाबरू नका, पाढ्यांपलीकडचं नाही.

समजा गाडी चालकासकट १५०० किलोची आहे. या मस्टँगचं पुढचं इंजिन जड, त्यामुळे उभ्या गाडीत मागच्या चाकांवर साधारण ४३ टक्के, म्हणजे ६४५ किलो भार. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २५५ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५१ सेंटिमीटर उंच धरू. ५१ भागिले २५५ म्हणजे ०.२.

गाडी पुढे झेपावली की मागे सरकणारा भार म्हणजे वजन गुणिले त्वरण गुणिले हे ०.२. अर्ध्या ‘जी’ने सुटली तर १५० किलो मागे गेले, पूर्ण एक ‘जी’ने सुटली तर ३०० किलो.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. टायरचा घर्षणांक १ असेल तर ही गाडी जास्तीत जास्त ०.५४ ‘जी’ने सुटू शकते. चांगला टायर, तापवलेला, चिकट ट्रॅक, घर्षणांक १.५ धरा, तर आकडा ०.९२ वर जातो. पकड दीडपट वाढली आणि त्वरण मात्र पावणेदोन पटीच्या जवळ गेलं. पकडीमुळे त्वरण वाढतं, त्वरणामुळे भार मागे जातो, भारामुळे पकड आणखी वाढते. व्याजावर व्याज चढावं तसं हे आहे. म्हणूनच, मंडळी, टायर आधी आणि सस्पेन्शन नंतर.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढच्या मुद्द्यावर निम्मे लोक फसतात. या गणितात सस्पेन्शन कुठे आलं का? नाही आलं. वजन, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर, एवढंच आलं. गाडीचं बूड खाली बसलं म्हणजे जास्त वजन मागे गेलं, असं डोळ्यांना वाटतं, पण तसं नसतं. बूड बसो वा उचलो, मागे जाणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो.

मग सस्पेन्शन करतं काय? ते तीन गोष्टी ठरवतं. भार कोणत्या वाटेने टायरपर्यंत जाणार, किती झटकन जाणार आणि डाव्या-उजव्या चाकांत कसा वाटला जाणार. आपल्या श्रोत्यांची अडचण या तिन्हींमध्ये आहे.

पहिली गोष्ट : वाट

गाडीला पुढे ढकलतं कोण? टायर अॅक्सलला ढकलतो, अॅक्सल आर्मना आणि आर्म बॉडीला. या मस्टँगमध्ये मागे चार आर्म आहेत, दोन खाली, दोन वर. चाकं पुढे फिरताना अॅक्सलचं हाउसिंग उलट दिशेला फिरू पाहतं, क्राऊन-पिनियनचं नाक वर उठू पाहतं. त्यामुळे खालचे आर्म दाबले जातात आणि वरचे ताणले जातात.

आता गाडीकडे बाजूने बघा. खालच्या आर्मची रेषा पुढे वाढवा, वरच्या आर्मचीही वाढवा. त्या जिथे भेटतात तो बिंदू म्हणजे इन्स्टंट सेंटर. बॉडी आणि अॅक्सल त्या क्षणी जणू याच बिंदूशी बिजागरीने जोडलेले असतात. मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून या बिंदूतून एक रेषा काढा आणि ती पुढच्या चाकांपर्यंत न्या. तिथे तिची उंची गुरुत्वमध्याइतकी आली, तर त्याला शंभर टक्के अँटी-स्क्वॉट म्हणतात.

उदाहरण घेऊ. बिंदू मागच्या अॅक्सलच्या १५० सेंटिमीटर पुढे आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. पुढच्या चाकांपाशी रेषेची उंची होते ३० गुणिले २५५ भागिले १५०, म्हणजे ५१. बरोबर शंभर टक्के. मागे जाणारा सगळा भार आर्ममधून थेट टायरवर जातो, स्प्रिंगला काही कळतच नाही. बूड बसतही नाही, उठतही नाही. बिंदू २० सेंटिमीटरवर उतरला तर उंची ३४, म्हणजे ६७ टक्के. उरलेला एक तृतीयांश भार स्प्रिंगवर येतो, बूड बसतं आणि तेवढा भार टायरपर्यंत सावकाश पोहोचतो. उलट बिंदू ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवून १२० सेंटिमीटरवर, म्हणजे अॅक्सलच्या जवळ आणला, तर १२५ टक्के. आता आर्म बॉडीला वर उचलतात आणि टायरला खाली दाबतात. हा दाब झटक्यात बसतो.

हा झटका फुकटचा नाही बरं का. बॉडी वर जात असते तोवरच जास्तीचा दाब मिळतो. ती वर जायची थांबली की तो संपतो आणि बॉडी परत खाली येताना टायर हलका पडू शकतो. मऊ भिंतीच्या स्लिक टायरला झटका मानवतो, त्याची भिंत सुरकुतते आणि ती स्वतःच स्प्रिंगचं काम करते. ड्रॅग रेडियलची भिंत ताठ असते, त्याला जरा हळुवार दाब आवडतो. तेव्हा ‘जितके टक्के जास्त तितकं चांगलं’ असं काही नाही.

आता पत्राकडे येऊ. आखूड स्प्रिंगांनी बॉडी खाली आली. आर्मची पुढची टोकं बॉडीला, मागची अॅक्सलला. म्हणजे पुढची टोकं उतरली, मागची जागेवर राहिली. सगळे आर्म पुढच्या बाजूला आणखी खाली कलले आणि इन्स्टंट सेंटरही खाली गेलं. श्रोत्यांनी पैसे देऊन स्वतःच्या गाडीचं अँटी-स्क्वॉट कमी करून घेतलं. साठ फुटांची वेळ वाढली यात नवल नाही.

यावर उपाय आहे. अॅक्सलवर खालच्या आर्मची जागा खाली नेणारे ब्रॅकेट मिळतात. आर्मचं मागचं टोक खाली गेलं की तो पुढे चढता होतो, वरच्या आर्मची रेषा त्याला लवकर भेटते आणि बिंदू वर आणि मागे येतो. सोबत खालचे आर्म चौकोनी नळीचे, न वाकणारे घ्यायचे. कंपनीचे मूळ आर्म पत्रा दाबून बनवलेले, एका बाजूने उघडे असतात. जोरात दाबले की ते पिळले जातात आणि बुश चेंगरतात.

दुसरी गोष्ट : डावं-उजवं

उजवंच चाक का फिरतं? मागून पाहिलं तर ड्राइव्हशाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो आणि अॅक्सललाही तसंच पिळू पाहतो. डावं चाक जमिनीवर दाबलं जातं, उजवं उचललं जातं.

किती? या इंजिनाचा टॉर्क साधारण ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं प्रमाण ३.३५. गुणाकार केला तर ड्राइव्हशाफ्टवर १३४० न्यूटन-मीटर. दोन मागच्या चाकांत १.४५ मीटर अंतर धरलं तर उजव्या चाकावरून साधारण ९५ किलो भार कमी होतो आणि डाव्यावर तेवढाच वाढतो.

पण निसर्ग हिशेब चुकता करतो. इंजिन बॉडीला उलट दिशेने पिळतं, म्हणून बॉडी उजवीकडे कलते. हा कल जर मागच्या स्प्रिंगा आणि अँटी-रोल बारने अडवला, तर तो भार परत उजव्या मागच्या चाकावर येतो आणि नुकसान भरून निघतं. तोच कल पुढच्या सस्पेन्शनने अडवला, तर भरपाई पुढेच अडकते. म्हणून मागचा अँटी-रोल बार जाड आणि पुढचा मऊ, ही ड्रॅग गाडीची रीत आहे. स्वस्तातला उपाय म्हणजे उजव्या मागच्या स्प्रिंगच्या आत रबरी हवेची पिशवी घालायची आणि थोडी हवा भरायची. जुने रेसर वर्षानुवर्षं हेच करत आले.

एक सावधगिरी. पुढचा अँटी-रोल बार काढून टाकलेली गाडी वळणावर खूप कलते. जी गाडी रोज ऑफिसला न्यायची, तिचा बार काढू नका.

आणि त्या आठ कडक बुशांचं काय? या गाडीचे वरचे आर्म वरून पाहिले तर तिरके असतात, कारण अॅक्सल आडवा सरकू न देणं हेही त्यांचंच काम. एक चाक वर, एक खाली झालं की वरच्या आर्मना थोडं पिळावंच लागतं. रबर तेवढं पिळू देतं, कडक पॉलियुरेथेन देत नाही. मग सगळं अडकतं, आणि अडकलेलं सस्पेन्शन सुटतं तेव्हा पूर्वसूचना न देता सुटतं. भिंतीपाशी जे झालं त्यामागे हे असण्याची शक्यता मोठी आहे. खालच्या आर्मना कडक बुश चालतात. वरच्या आर्मना अॅक्सलच्या बाजूला रबर ठेवा किंवा सगळ्या दिशांना फिरणारा गोलाकार जॉइंट लावा.

तिसरी गोष्ट : वेग

भार किती झटकन पोहोचणार हे शॉक अॅब्सॉर्बर ठरवतात, ज्यांना आपण गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतो. पुढचे शॉकअप ताणताना सैल हवेत म्हणजे नाक पटकन उठतं. जुन्या ‘नव्वद-दहा’ शॉकअपचा अर्थ हाच, ताणायला सोपे, दाबायला अवघड. मागे, अँटी-स्क्वॉट शंभराच्या वर असेल तर बॉडी अॅक्सलपासून दूर जाते, म्हणून मागच्या शॉकअपचा ताणतानाचा अडथळा महत्त्वाचा. तो वाढवला की टायरवरचा झटका मवाळ होतो. दाबताना आणि ताणताना वेगवेगळं लावता येणारे शॉकअप महाग असतात, पण ट्रॅकवर उभ्या उभ्या बदल करता येतो.

पिनियनचा कोनही इथेच तपासायचा. जोर लागला की पिनियनचं नाक उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते ड्राइव्हशाफ्टच्या मानाने थोडं खाली ठेवतात. जॉइंट कडक असतील तर एक-दोन अंश पुरतात, रबर बुशना त्याहून थोडं जास्त आणि पाट्यांच्या गाडीला आणखी जास्त.

पाटे असलेल्या गाड्या

हे सगळं चार आर्मच्या गाडीचं झालं. जीप ज्यांनी चालवलीय त्यांना पाटे माहीत आहेत. जोर दिला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, मग झटक्याने सरळ होतो, परत वाकतो आणि चाक टणाटण उड्या मारतं. क्रायस्लरने यावर नामी उपाय काढला. अॅक्सल पाट्याच्या मधोमध न ठेवता पुढच्या टोकाकडे ठेवला. पुढचा तुकडा आखूड आणि ताठ झाला आणि तोच आर्मचं काम करू लागला. त्यांच्या ‘सुपर स्टॉक’ पाट्यांत तर उजवा-डावा पाटा वेगळा असे. उजव्या चाकाचं दुखणं त्यांना ठाऊक होतं.

बाकीच्यांनी पाट्याखाली लोखंडी पट्ट्या बसवल्या, पुढे रबराचा ठोकळा लावलेल्या. पाटा वाकायला लागला की ठोकळा वर आपटून त्याला अडवतो, म्हणून त्यांना ‘स्लॅपर बार’ म्हणतात. कॅलट्रॅक्स नावाची पद्धत त्याहून हुशार आहे. अॅक्सल फिरायला लागला की एक दांडा पुढची तरफ ढकलतो आणि ती तरफ पाट्याच्या पुढच्या भागाला वरून दाबते.

लॅडर बार आणि समायोजनाच्या भोकांचा फोर-लिंक ही निव्वळ शर्यतीच्या गाड्यांची साधनं. त्यासाठी गाडीचं बूड कापून जोडावं लागतं, आणि लॅडर बारची गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावर नको होते. गंमत म्हणजे टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला, जे या खेळातलं सर्वांत बलाढ्य वाहन, मागे सस्पेन्शनच नसतं. टायरची भिंत आणि लांबलचक चासीची लवचीकता हेच त्याचं सस्पेन्शन.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. तिथे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ज्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात, त्यांच्याबाबतीत हे गणित उलटं होतं. भार मागे गेला की पकड कमी होते. नाक उठू न देणं हीच तिथली कसरत.

मग हजार डॉलरांचं काय?

आता उत्तर. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी गाडी जॅकवर चढवा आणि टॉर्क बॉक्स बघा, म्हणजे आर्म जिथे बॉडीला जोडलेत ती पत्र्याची पेटी. या पिढीच्या मस्टँगमध्ये तिथे चिरा जातात. चीर असेल तर पहिला पैसा वेल्डिंगला आणि मजबुतीच्या पट्ट्यांना. फाटक्या पेटीवर नवे आर्म लावणं म्हणजे कुजलेल्या चौकटीला नवं दार. त्याच वेळी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच्या क्लचप्लेट झिजल्यात का तेही तपासा. त्या गेल्या असतील तर कमी पकडीचं चाकच सगळा खेळ ठरवतं.

मग जुन्या स्प्रिंगा परत बसवा आणि वरच्या आर्मना रबर. यात खर्च जवळजवळ नाही.

मग ट्रॅकवर जा आणि मित्राला बाजूने, टायरच्या उंचीवर फोन धरून व्हिडिओ काढायला सांगा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. टायर आणि मडगार्डची कड यांच्यातली फट बघा. वाढते की कमी होते? दोन्ही बाजूंना सारखी बदलते का? टायरची भिंत सुरकुतते का? एका वेळी एकच गोष्ट बदला, टायरची हवासुद्धा, आणि प्रत्येक वेळी साठ फुटांचा आकडा वहीत लिहा.

फट मिटत असेल तर ताठ खालचे आर्म आणि ब्रॅकेट. बाजू असमान असतील तर हवेची पिशवी, पुढे जमलं तर अँटी-रोल बार. टायर आधी धरतो आणि मग सुटतो असं दिसलं तर शॉकअप. आमचा अंदाज आहे, हजार डॉलर संपायच्या आत गाडी सरळ सुटू लागेल. आणि ड्राइव्हशाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती संरक्षक लोखंडी कडं नसेल, तर ते या सगळ्याआधी. पुढचा जॉइंट तुटून शाफ्ट जमिनीत रुतला तर गाडी उलटू शकते.

शेवटचं, घरच्या मंडळींसाठी. त्यांची भीती चुकीची नाही. गाडी आडवी व्हायला लागली की अॅक्सिलरेटरवरून पाय उचला, ती फेरी गेली म्हणून समजा. आकडा पुढच्या शनिवारी सुधारता येतो.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. पुढच्या वेळी आपण क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टरबद्दल बोलू.